अर्धा गुण

नववी ‘ब’च्या वह्या. प्रश्न तिसरा:
‘राइफ’ हा शब्द वापरून तीन वाक्ये लिहा.
सानिशा माजिक, राहणार पाळी,
हिने लिहिलेलं मराठीत सांगायचं तर असं:

आमच्या गावात धूळ राइफ होती.
खाण सुरू होणार ही अफवा राइफ आहे.
आमच्या गावात फणस राइफ आहेत.

पहिली दोन बरोबर.
तिसऱ्यावर आडवी लाल रेघ, आणि समासात
मला डिचोलीच्या मास्तरांनी शिकवलं होतं तेच:
हा शब्द वाईट गोष्टींपुरता.
रोग राइफ. लाच राइफ.
फणस नव्हे.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन दारात.
‘सर, मग फणसांना काय म्हणायचं?’
‘विपुल म्हण.’
‘विपुल म्हटलं की टोपलीत बसल्यासारखे वाटतात.
आमचे बसत नाहीत, सर.
काळोख पडला की आई एक उचलते,
शेजाऱ्यांच्या गेटापाशी ठेवून पळत येते.
सकाळी आमच्या पायरीवर
दुसऱ्याच कुणाचे दोन.
काप्या निदान कुणी मागून तरी नेतं,
रसाळाकडे तर गायसुद्धा बघत नाही.
हे राइफ नाही?’

मी म्हटलं, आधी डबा खाऊन घे.

मग शिक्षकखोलीत एकटाच शब्द चाळत बसलो.
इंग्रजांनी एका गोणीत कोंबलंय सगळं.
आपल्याकडे ज्याचं त्याचं निराळं:
तण माजतं, साथ फैलावते,
लाचखोरी बोकाळते, अफवा पिकते,
रानमोडी बंद खाणीच्या उतारावर फोफावते,
डासांचा उच्छाद, उंदरांचा सुळसुळाट.
सुळसुळाट फुलपाखरांचा झालेला
मी तरी कधी वाचला नाही.
म्हणजे आपणही त्यातलेच.
वाईटाला भरल्या हाताने शब्द दिले
आणि चांगल्याच्या वाट्याला ‘विपुल’,
कृषी खात्याच्या पत्रकातला, इस्त्री केलेला.
‘दरवळ’ आठवला तेव्हा बरं वाटलं.
पण तो फक्त वासाचा.
फणसाचा दरवळ म्हणता येईल, फणसांचा नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच, तीच वही.
‘बाबांना दाखवली.
ते म्हणाले, सरांनी पहिलं वाक्य बरोबर कसं दिलं?
धूळ होती तेव्हा दोन्ही ट्रकांचे हप्ते
तारखेला जात होते.
आता टायरांवर वेल चढलाय.’
‘मग? तू काय म्हणालीस?’
‘धाकटी खोकायची, म्हटलं. रात्रभर.’
‘मग?’
‘मग ते ट्रक पुसायला गेले.
रोज पुसतात. चालत नाहीत, तरी.’

थोडं थांबून म्हणाली,
‘आणि दुसरं, सर. अफवा.
आमच्याकडे तिला अफवा म्हणत नाहीत.
बातमी म्हणतात.’

मी पेनाचं टोपण काढलं.
पहिल्या वाक्यापाशी नेलं, परत आणलं.
दुसऱ्यापाशी नेलं.
माझ्या दोन्ही खुणा तिथे तशाच,
ठाम, लाल,
एके काळी पाळीच्या पानापानावर बसायचा तो रंग.
खोडाव्यात तर कशाच्या जोरावर?
व्याकरणाच्या तर नाही.

शेवटी तिसऱ्याला अर्धा गुण दिला.
रजिस्टरला अर्धा चालत नाही,
तिथे तीन मांडले.
कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर बघतो तर
स्कूटरच्या पायापाशी, सुंभाने बांधलेला,
एक फणस.
चिठ्ठी नाही, नाव नाही.
बोटाने दाबून बघितला: रसाळ.

घरी आधीचे चार आहेत.
शेजारी च्यारींच्या गेटावरचा दिवा
अजून मालवलेला नाही.
मी खिडकीत उभा आहे, काळोखाची वाट बघत.